मातीचा श्वास मोजणारा डबा: येऊरमध्ये एक उन्हाळा, एक पावसाळा वापरल्यावर

मार्चमध्ये आमच्या कॉलेजच्या ग्रुपने हा डबा जुळवला आणि वन खात्याची परवानगी काढून ऑक्टोबरपर्यंत ठाण्याजवळच्या येऊरच्या जंगलात वापरला. घ्यावा का? ओली-सुकी जमीन ताडून बघायची असेल तर बिनधास्त. काही लाखांच्या यंत्राची बरोबरी मात्र मागू नका.

२०० मिमी पीव्हीसी पाइपची कडी जमिनीत रोवायची, वर झाकण, झाकणात एनडीआयआर सेन्सर (अवरक्त प्रकाशाने कार्बन डायऑक्साइड मोजणारा) आणि छोटा पंखा. मुळं आणि सूक्ष्मजीव सोडतात तो कार्बन डायऑक्साइड आत साठतो. तीन-चार मिनिटांत रीडिंग किती वेगाने चढलं त्यावरून हिशेब. सेन्सरची अचूकता ±३० पीपीएम (हवेच्या दहा लाख भागांत किती भाग) अधिक रीडिंगच्या ३ टक्के. ढोबळ वाटेल, पण आपल्याला चढ हवा असतो, म्हणून चालून जातं. कडी आदल्या दिवशीच रोवा. माती हलली, मुळं तुटली की लगेचचं रीडिंग फुगलेलं येतं.

मे महिन्यात सागाच्या वाळक्या पाचोळ्याखाली रेघ जेमतेम सरकायची. पहिली वळवाची सर पडली आणि झाकण ठेवायचा अवकाश, आकडे धावत सुटले! कोरड्या मातीत पाणी शिरताच निपचित पडलेले जिवाणू सेंद्रिय द्रव्यावर तुटून पडतात. एच. एफ. बर्च यांनी १९५८ मध्ये हे मांडलं, म्हणून ‘बर्च परिणाम’. जुलैत उलटा खेळ. ओढ्याकाठी चिखल झाला आणि तिथला चढ बसला. चार पावलांवरच्या उतारावर तो जोरात. मातीतल्या पोकळ्या पाण्याने भरल्या की हा वायू हवेतल्यापेक्षा सुमारे १०,००० पट सावकाश वाट काढतो, आणि ऑक्सिजनही आत पोचत नाही. एवढ्या एका फरकासाठी पैसे वसूल.

डोकेदुखी दमटपणाची. झाकणाला आतून घाम सुटतो, सेन्सरवर थेंब बसला की रीडिंग भरकटतं. दर वेळी पुसा, वारा लागू द्या. सिलिका जेलने फारसं काही साधलं नाही. दुसरं, ऑटो कॅलिब्रेशन, म्हणजे सेन्सर आपलं रीडिंग आपणच जुळवून घेतो ती सोय, आधी बंद करा. अधूनमधून ४०० पीपीएमची मोकळी हवा मिळते असं ते धरून चालतं. डबा एरवी पडून असतो त्या घोडबंदर रोडच्या बंद फ्लॅटमध्ये ती कुठली? आता तर बाहेरच्या हवेतच ४२० च्या वर आहे.

झाकणाचा फोम सप्टेंबरपर्यंत दबला. सायकलची ट्यूब कापून लावली, ती टिकतेय. बॅटरीची तक्रार नाही. कड्या मातकट रंगवा, पांढऱ्या दिसल्या की माकडं उपटतात.