नागपूर ते अकोला: समृद्धी की जुना अमरावती रोड?

“अकोल्याला जायचंय, समृद्धी घेऊ का?” असं कुणी विचारलं, की मी आधी विचारतो, नागपुरात राहता कुठे? समृद्धी सुरू होते हिंगण्याकडे, शिवमडक्याला. वाडीकडच्या माणसाला जुना रोड दारातच आहे. त्याने शिवमडक्याला वळसा घालण्यात अर्थ नाही.

समृद्धीवर गाव नाही, चौक नाही, कारला ताशी 120 ची मुभा. पण अकोला त्या रस्त्यावर येतच नाही. कारंजा लाडला उतरायचं, मूर्तिजापूर गाठायचं, आणि तिथून पुन्हा जुनाच रोड. टोल किलोमीटरच्या हिशोबाने. दुचाकीला तर प्रवेशच नाही. (नकाशात कारंजा नीट बघा. कारंजा घाडगे वर्धा जिल्ह्यात, जुन्या रोडवर. लाडांचं वाशिम जिल्ह्यात.)

जुना रोड, म्हणजे पूर्वीचा 6 नंबर आणि आताचा 53, कोंढाळी, तळेगाव, तिवसा करत येतो. वाटेत मोझरीला तुकडोजी महाराजांच्या समाधीपाशी पाय मोकळे करता येतात. आईवडील सोबत असतील तर मला हे फार मोलाचं वाटतं.

अमरावती सोडली की सपाट काळी जमीन. ही माती पावसाळ्यात फुगते, उन्हाळ्यात हात जाईल एवढी तडकते, आणि वरचा रस्ता तिच्यासोबत हलतो. अमरावती–अकोला पट्ट्याने वर्षानुवर्षं लोकांच्या कंबरा मोडल्या. जून 2022 मध्ये इथेच 105 तास 33 मिनिटांत एका लेनचं 75 किलोमीटर डांबरीकरण झालं, गिनीज बुकात नोंद झाली. आम्हा वऱ्हाडातल्यांना त्या विक्रमापेक्षा रस्ता झाल्याचा आनंद जास्त होता.

धोका दोन्हीकडे आहे, फक्त वेगळा. समृद्धीवर सरळ रस्त्याने डोळा लागतो आणि टायर तापतात. झिजलेल्या टायरवर तिकडे जाऊच नका. जुन्या रोडवर ट्रक आहेत, आणि कापसाच्या दिवसांत अंधार पडताना अचानक समोर येणारी ट्रॉली. वर कापसाचा ढीग, मागे ना दिवा ना रेडियम. अगदी जवळ गेल्यावरच पांढरं काहीतरी दिसतं.

माझं मत विचाराल तर अकोला, शेगावसाठी दिवसाउजेडी जुना रोडच. मेहकर, जालना, संभाजीनगरकडे जायचं असेल तर बिनधास्त समृद्धी. आणि नागपूरहून निघायलाच दुपार झाली असेल, तर कारंजा लाडपर्यंत समृद्धीने जा, म्हणजे मूर्तिजापूरच्या पुढचा पट्टा तरी उजेडात पार होईल.