पिसाळलेल्या डायनासोरांमध्ये काही महिने : ‘आर्क एक्स्टिंक्शन’चा अनुभव

गेल्या पावसाळ्यापासून मी, माझा चंदगडचा मामेभाऊ आणि खानापुरातले दोन मित्र ‘आर्क : सर्व्हायव्हल इव्हॉल्व्ड’ या डायनासोरांच्या व्हिडिओ गेमचा ‘एक्स्टिंक्शन’ हा भाग खेळतोय. तो 2018 च्या नोव्हेंबरात आला, म्हणजे तसा जुनाच. मूळ गेम असल्याशिवाय तो चालत नाही, आणि दोन्ही मिळून डिस्कवर भरपूर जागा घेतात, तेव्हा आधी साफसफाई करा. एवढं करूनही घ्यावा का? माझ्या मते नक्की घ्यावा.

गोष्ट उद्ध्वस्त पृथ्वीवरची. मधोमध सँक्च्युअरी नावाचं यंत्रांच्या राखणीतलं शहर, आणि बाहेर ओसाड रानात ‘एलिमेंट’ नावाच्या गेममधल्या द्रव्याने नासवलेली, पिसाळलेली जनावरं. ती ओळखू येतात अंगावरच्या जांभळट चमकेवरून. रेक्स आणि रॅप्टर हे शिकारी डायनासोर तर सोडाच, एरवी खोडी काढल्याशिवाय वाटेला न जाणारे ट्रायक आणि स्टेगो हे पाला खाणारेसुद्धा माणूस दिसला की धावून येतात. एकमेकांना मात्र काही करत नाहीत. आर्कमध्ये जनावर बेशुद्ध करून, चारून, माणसाळवायची सवय लागलेली असते. इथे ती उपयोगाची नाही, कारण पिसाळलेलं जनावर कशानेच माणसाळत नाही. उपचार नाही, उतारा नाही. आपल्या हातात राहतं ते एकच, जी धडधाकट जनावरं आहेत ती जपायची.

हे जपणं म्हणजेच खरा खेळ, आणि ते कळतं सप्लाय ड्रॉपच्या वेळी. आकाशातून सामानाची पेटी उतरते. रंगावरून कळतं किती अवघड आहे ते, निळी सगळ्यात सोपी. ती सुरू केली की चहूबाजूंनी लाटांवर लाटा येतात आणि पेटीचा जीव संपला तर आतलं सगळं गेलं. आमची रीत आता ठरून गेलीय. काट्यांचा मारा करणारे व्हेलोनासॉर पेटीला पाठ लावून चारी दिशांना, मध्ये हिमघुबड. हे घुबड गार झोत सोडून आपल्या जखमी जनावरांना बरं करतं, त्यामुळे त्याला आम्ही लढाईत कधीच पुढे काढत नाही. एकदा पिसाळलेल्यांतला एक जखमी कार्नो (हाही शिकारी डायनासोर) माघारी फिरल्यासारखा वाटला आणि आमचा एक गडी रेक्स घेऊन त्याच्यामागे निघाला, तर मामेभाऊ हेडफोनमधून ओरडतोय, “अरे नको जाऊस, मागनं आले बघ की!” मागून रॅप्टरांची टोळी थेट पेटीवर आली होती. घुबडाने गार झोत सोडला, रेक्स माघारी आला, पेटी थोडक्यात वाचली. एन्फोर्सर हे यंत्र बनवता आलं तर आधी तेच बनवा. पिसाळलेल्या जनावरांवर त्याचा मार जास्त बसतो.

एक गोष्ट मात्र मला मनापासून खटकते. यात रोग पसरतच नाही. पिसाळलेल्या रेक्सने आपल्या रेक्सचा लचका तोडला तरी आपला रेक्स पिसाळत नाही. ज्यांनी 2022 चा गुरांचा लम्पी रोग पाहिलाय त्यांना हे पचणार नाही. त्या वर्षी आमच्या खानापूर भागात गोठ्यात शिरताना आधी अंगावर गाठ आली का ते बोटांनी चाचपून बघायचं, संध्याकाळी कडुनिंबाच्या पाल्याचा धूर करायचा, आजारी बैल लांब बांधायचा. माशा, डास आणि गोचिडांमार्फत तो पसरत होता आणि जनावरांना शेळ्यांच्या देवीची लस टोचत होते. शत्रूपेक्षा आपल्याच गोठ्याची धास्ती जास्त होती. ती धास्ती गेममध्ये असती, चावलेलं जनावर वेगळं बांधायची वेळ आली असती, तर याला तोड नव्हती.

डायनासोरांना रोग व्हायचे हे काही निव्वळ कल्पनेतलं नाही. टायरानोसॉरसच्या जबड्यांवरची गुळगुळीत भोकं ट्रायकोमोनाससारख्या परजीवीमुळे पडली असावीत, असं 2009 मध्ये संशोधकांनी मांडलं. तसलाच परजीवी आज कबुतरांत आणि ससाण्यांत सापडतो. 2022 मध्ये तर मोंटानात सापडलेल्या लांब मानेच्या एका डायनासोरच्या मानेच्या मणक्यांवर श्वसनमार्गाच्या संसर्गाच्या खुणा असल्याचा निबंध आला. ते जनावर सुमारे 15 कोटी वर्षांपूर्वीचं. हे वाचल्यापासून गेममधल्या रेक्सकडे मी जरा वेगळ्या नजरेने बघतो.

आता खेळायच्या सोयीचं. आपल्याकडे पावसात लाईट कधी जाईल सांगता येत नाही. कुणा एकाच्या संगणकावरून गेम चालवला तर त्याची लाईट गेली की सगळेच बाहेर, आणि बाकीच्यांना त्याच्यापासून फार लांबही जाता येत नाही. म्हणून आम्ही भाड्याचा सर्व्हर घेतला. त्यावर जग चोवीस तास चालू राहतं, म्हणजे आपण झोपलो तरी जनावरं उघड्यावर उभी असतात. आपल्या मुक्कामाच्या तळाला भिंती घातल्याशिवाय आणि खाद्याची कुंडं भरल्याशिवाय बाहेर पडू नका. एकटे खेळणार असाल तर सिंगल-प्लेअर सेटिंग चालू करा आणि माणसाळवण्याचा वेग वाढवून घ्या. नोकरी-शेती सांभाळून खेळणाऱ्याला मूळ वेग परवडत नाही. वाळवंट, जंगल आणि बर्फ इथल्या टायटन नावाच्या अवाढव्य राक्षसांच्या मागे लागायच्या आधी निळे आणि पिवळे ड्रॉप सहज राखता आले पाहिजेत. आम्ही अजून त्याहून अवघड लाल ड्रॉपवर आहोत.