पातालपाणी–कालाकुंड हेरिटेज ट्रेन: धबधब्याला जाताय, तर बोगदेही पाहून या

"अब सुरंग आएगी, हाथ अंदर रखिए," गाइड माइकवर ओरडला आणि पुण्याहून आलेली माझी मेहुणी अंग चोरून बसली. "भाऊजी, गाडी चालू असताना सुरुंग लावतात?"

हिंदीत सुरंग म्हणजे बोगदा आणि मराठीत सुरुंग म्हणजे कातळात ठासायची दारू. आम्हा इंदूरकरांची जीभ दोन्हींत सारखीच घसरते, तिचा काय दोष? आणि मी शेजारी बसलेलो असताना हा प्रश्न अगदीच अस्थानी नव्हता. नोकरीची 32 वर्षं मी बोगद्यांच्या कामावर काढली, त्यातली बरीचशी ड्रिलिंग-ब्लास्टिंगच्या रात्रपाळीत. त्यामुळे हा अभिप्राय थोडा एकांगी होणार, हे आधीच सांगून टाकतो.

आम्ही चौघं गेलो: मी, बायको, मेहुणी आणि नातू. पावसाळ्यातला रविवार. सहल एका स्थानिक मंडळींनी नेली होती, त्यांचं नाव लिहीत नाही. पोरं कष्टाळू आहेत, पण जेवणाचे डबे गार आले आणि गाइडची माहिती त्याहून गार. गाडीला माझ्याकडून पाचपैकी साडेचार. सहलीला अडीच.

गाडी पातालपाणीहून खाली कालाकुंडला उतरते. अंतर साडेनऊ किलोमीटर, मीटरगेज (दोन रुळांत एक मीटर अंतर), चढ 1 ला 40, म्हणजे 40 मीटर पुढे गेलं की 1 मीटर खाली. वाटेत धबधबा, टंट्यामामाचं (टंट्या भिल्लाचं) मंदिर, हिरव्यागार दऱ्या आणि चार बोगदे. ही लाइन इंदूरपर्यंत यावी म्हणून दुसऱ्या तुकोजीराव होळकरांनी 1870 साली इंग्रज सरकारला 1 कोटी रुपये कर्ज दिलं होतं, साडेचार टक्के व्याजाने, 101 वर्षांच्या मुदतीने. सरकारला कर्ज देणारा राजा! इंदूरच्या रामबागेतल्या जुन्या मंडळींकडून हे ऐकतच आम्ही मोठे झालो.

धबधब्याबद्दल मी लिहीत नाही, फोटो सगळ्यांकडे आहेत. माझी तक्रार वेगळी आहे. बोगदा आला की अख्खा डबा किंचाळतो, गाइड गाणं लावतो, मोबाइलचे फ्लॅश चमकतात आणि बघेबघेपर्यंत बोगदा मागे पडतो. पहिल्या तिन्ही वेळा हेच. धबधबा निसर्गाने आयता दिला आहे, बोगदे माणसांनी फोडले आहेत, आणि त्यांच्याकडे बघायला कोणी तयार नाही.

गाइड म्हणाला, "अंग्रेजों ने मशीन से पहाड़ काटा." मी गप्प बसलो, बायकोने माझा हात दाबून धरला होता. त्या काळी आपल्याकडचे घाट हातांनी फुटत होते. भोरघाटाची लाइन 1863 ला सुरू झाली, तिच्यातले 25 बोगदे पहार, घण आणि काळ्या दारूवर झाले. एकाने पहार धरायची, दुसऱ्याने घण घालायचा, प्रत्येक घावानंतर पहार थोडी फिरवायची, नाहीतर ती भोकात अडकते. नोबेलच्या डायनामाइटचं पेटंटच 1867 चं. आपली ही लाइन त्याच्या पुढच्या दशकातली.

नातवाने विचारलं, इतकी दारू लावल्यावर अख्खा डोंगरच खाली कसा येत नाही? या प्रश्नावर मी तासभर बोलू शकतो आणि जवळजवळ बोललोच. फुटलेल्या दगडाला सरकायला जागा लागते. समोरच्या सपाट कातळात, ज्याला आम्ही फेस म्हणतो, एकदम सगळी होलं, म्हणजे दारू भरलेली भोकं, उडवली तर दगड जाणार कुठे? म्हणून आधी मधली चार-सहा होलं उडवायची. त्यांना कट म्हणतात. मध्ये खड्डा झाला की भोवतालची होलं त्या खड्ड्याकडे दगड ढकलतात, मग त्यांच्या भोवतालची. प्रत्येक ओळीत मिलिसेकंदांपासून सेकंदापर्यंतचा फरक ठेवलेला असतो. सगळ्यात शेवटी कडेची होलं: जवळजवळ मारलेली, दारू कमी भरलेली. बाहेरचा कातळ दुखवायचा नाही, कारण पुढे छत त्यालाच पेलायचं असतं. कडेला दारू जास्त भरली तर ठरल्यापेक्षा जास्त दगड येतो, त्याला ओव्हरब्रेक म्हणतात, आणि ती पोकळी नंतर काँक्रीटने भरत बसावं लागतं. ठेकेदाराचे डोळे तेव्हा पांढरे होतात.

स्फोटानंतर लगेच आत जायचं नसतं. पंखे लावून धूर काढायचा, मग लांब पहार घेऊन छत ठोकत पुढे सरकायचं. चांगला दगड टणटण वाजतो, सुटलेला भद्द आवाज देतो. माठ घेताना आपण बोटाने वाजवून बघतो ना, तसंच. वाटेत गाडी थांबली तेव्हा मी काठीने कापणीचा, म्हणजे रुळांसाठी कापलेल्या डोंगराच्या कडेचा, दगड दोन-तीन ठिकाणी वाजवला. मेहुणीला वाटलं, भाऊजींचं वय झालं. मग तिनेही वाजवून पाहिला.

बोगद्याची कमान काही शोभेसाठी नसते. दगड दाब भरपूर सोसतो, ताण सोसत नाही. सपाट छत मधोमध वाकतं, तिथे ताण येतो आणि तडा जातो. कमानीत ओझं बाजूंनी खाली उतरतं, दगड एकमेकांना दाबून धरतात. म्हणून घोड्याच्या नालेचा आकार. तोंडाशी, म्हणजे पोर्टलला, सगळ्यात जास्त जपायचं, कारण तिथे कातळ ऊन-पावसाने सैल झालेला असतो आणि वर कमान धरायला पुरेसा डोंगरही नसतो.

आता इथल्या दगडाबद्दल, कारण हाच सगळ्यांत चविष्ट भाग आहे. माळव्याचं पठार इथे संपून नर्मदेच्या खोऱ्याकडे उतरतं. हा काळा दगड म्हणजे बेसाल्ट, सह्याद्रीत आहे तोच, साडेसहा कोटी वर्षांपूर्वीच्या लाव्ह्याचे थरावर थर. लोकांना वाटतं, जितका दगड घट्ट तितका बोगदा चांगला. घट्ट काळ्या बेसाल्टला मात्र निवताना उभ्या-आडव्या भेगा पडतात, आणि पावसाचं पाणी त्यांतूनच झिरपतं. ज्याच्या अंगावर पांढरे ठिपके असतात तो दिसायला किरकोळ, पण त्याला भेगा फारशा नसतात. बोगद्याला मी तोच पसंत करीन. दोन थरांच्या मध्ये कुठे विटकरी लाल पट्टा दिसला तर नीट पाहा. उघडा पडून ओला झाला की तो भुसभुशीत होतो. तो नेमका छताच्या पातळीला आला की आमची झोप उडायची.

बेसाल्टमधला अरुंद बोगदा आधाराशिवायही वर्षानुवर्षं उभा राहतो. मातीला तेवढा धीर नसतो. कोकण रेल्वेत करबुड्याचा साडेसहा किलोमीटरचा बोगदा कातळात झाला, आणि पेडण्याचा दीडेक किलोमीटरचा, ओल्या चिकणमातीतला, सगळ्यांना छळत राहिला. आता खोदल्याबरोबर शॉटक्रीटचा, म्हणजे काँक्रीटचा, फवारा मारतात, रॉकबोल्ट, म्हणजे कातळ धरून ठेवणाऱ्या लोखंडी सळया, ठोकतात आणि भिंत किती मिलिमीटर आत येतेय ते मोजत राहतात. डोंगराला थोडं सैलावू द्यायचं, पण सुटू द्यायचं नाही. 9.02 किलोमीटरचा अटल बोगदा याच पद्धतीने झाला. तिथेही सेरी नाल्याखालच्या चुऱ्यात वर्षंच्या वर्षं गेली.

समोरच्या बाकावरचे एक काका मध्येच म्हणाले, "मग आपल्या इंदूरच्या मेट्रोला राजवाड्याखाली सुरुंग लावणार का?" नाही हो काका. मेट्रोचा 31 मे 2025 ला सुरू झालेला टप्पा सगळा खांबांवर आहे. जुन्या घरांखालून जायचं तर टीबीएम (टनेल बोरिंग मशीन) लागतं: पुढे फिरणारी चकती, मागे काँक्रीटच्या तुकड्यांची कडी बसवत जाणारं यंत्र. हादरे अगदी कमी. धोका जमीन खचण्याचा, म्हणून काढलेल्या मातीचाच दाब समोर राखून पुढे जायचं. काकांचं समाधान झालेलं दिसलं नाही, त्यांचं दुकान राजवाड्याशेजारच्या सराफ्यात आहे.

जाणाऱ्यांसाठी दोन-चार गोष्टी. पावसाळ्यातच जा. चांगली टॉर्च न्या, मोबाइलचा उजेड भिंतीपर्यंत पोचतो पण काही दाखवत नाही. मीटरगेज असल्याने भिंत खिडकीच्या फार जवळ येते, तेव्हा हात आत ठेवा, गाइडचं तेवढं बरोबर होतं. बोगद्यात शिरताना मागे वळून तोंडाची कमान पाहा आणि आत गेल्यावर पाणी कुठून टपकतंय ते पाहा. खाली चर असतो, उतारामुळे पाणी आपोआप बाहेर जातं. डब्यातल्या मंडळींना पहिल्या बोगद्यात किंचाळू द्या, दुसऱ्यापासून गप्प बसायची विनंती करून बघा. आमच्या डब्यात चौथ्या बोगद्यात ती मानली गेली, आणि चाकांचा आवाज भिंतींवरून परत येताना नीट ऐकू आला.

कालाकुंडला पळसाच्या पानातला कलाकंद मिळतो. उतरल्याबरोबर घ्या. परतीच्या वेळी घेऊ म्हणून आम्ही थांबलो, मी कापणीतले दगड वाजवत बसलो, आणि गाडीची शिट्टी झाली तेव्हा कलाकंद संपला होता. मेहुणी अजून बोलून दाखवते.