शाकारणीच्या आगाऊ नोंदणीत गेलेले 92,600 रुपये

गवती छपराचे काम, म्हणजे शाकारणी, पावसाच्या तोंडावर काढू नये, हे कोकणात कोणी कोणाला शिकवावे लागत नाही, आणि माझी फसवणूक झाली ती नेमकी हे काम वेळेत उरकावे म्हणून केलेल्या धडपडीत झाली. आमच्या वाडीत दोन मांगर, म्हणजे गवताने शाकारलेली छोटी घरे, पाहुण्यांना राहायला देऊन आमचे घर चालते. दोन्हींचे गवत कुजले होते आणि आढ्याजवळ उजेड दिसू लागला होता. गावात आता कौले आणि पत्रे आले, कुरणे राखणारे उरले नाहीत, शाकारणारे हात तर बोटांवर मोजण्याइतकेच राहिले. त्यात आंब्याचा हंगाम सुरू झाला की पेट्यांत भरायला पेंढा आणि गवत उचलले जाते आणि भाव चढतात. त्यामुळे जानेवारीतच गवत बांधून ठेवणे हा शहाणपणाच होता, हे मी आजही म्हणतो.

घाटमाथ्यावर स्वतःचे कुरण असल्याचे सांगणाऱ्या एका ठेकेदाराने माणूस पाठवून पाख्यांची, म्हणजे छपराच्या उतरत्या बाजूंची, मापे घेतली. 820 चौरस फूट, दर 150 रुपये, एकूण 1,23,000 रुपये, गवत, बांबूचे वासे, काथ्या आणि मजुरी सगळे धरून, असे दरपत्रक आले. 18 जानेवारीला 40 टक्के म्हणजे 49,200 रुपये दिले. पैसे घेणाऱ्या खात्यावर ठेकेदाराचे नव्हे, तर भलत्याच व्यक्तीचे नाव दिसत होते. आपल्याकडे निम्मे कारागीर पुतण्याच्या किंवा मेव्हण्याच्या खात्यावर पैसे घेतात, म्हणून त्यात मला वावगे वाटले नाही. दरपत्रकावरचा जीएसटी क्रमांक मात्र कोणीही मोजून पाहावा: तो 15 अक्षरांचा असतो आणि महाराष्ट्रातला असेल तर 27 ने सुरू होतो. माझ्या कागदावर 14 अक्षरे होती.

मार्चच्या मध्यावर त्याने एक व्हिडिओ पाठवला. विळ्याने गवत कापणारी माणसे, रचलेले भारे, आणि खाली मजकूर: "आज सकाळची कापणी, दुसरा हप्ता पाठवा." मी भारे पाहिले, त्यांची लांबी पाहिली, आणि 36,900 रुपये पाठवले. त्या भाऱ्यांमागचा सगळा उतार हिरवागार होता आणि त्यावर तेरडा फुलला होता. मार्च महिन्यात तेरडा! ज्या दिवसांत आमचे सडे, म्हणजे कातळाचे माळ, करपून पिवळे पडलेले असतात आणि वणव्याचे काळे पट्टे दिसतात, त्या दिवसांत सप्टेंबर-ऑक्टोबरमधला उतार मला दाखवला गेला. जन्म या मातीत गेला असून तो मला दिसला नाही, याची चीड पैशांच्या चिडीपेक्षा मोठी आहे. तरी सांगतो, तळहाताएवढ्या फोनच्या पडद्यावर माणूस ज्याचे पैसे मोजतो तेच पाहतो; मागची फुले पाहत नाही.

2 मे रोजी ट्रक वनखात्याच्या नाक्यावर अडकल्याचा फोन आला आणि बांबूच्या वाहतूक परवान्यासाठी 6,500 रुपये मागितले गेले. 2017 साली भारतीय वन कायद्यातल्या झाडाच्या व्याख्येतून बांबू वगळला गेला, हे मला नंतर कळले. तोवर तेही पैसे गेले होते. "5 जूनच्या आत छप्पर चढवतो" हे त्याचे शेवटचे वाक्य, आणि त्या वर्षी, 2025 मध्ये, मॉन्सून 25 मे रोजीच तळकोकणात दाखल झाला. 9,800 रुपयांच्या ताडपत्र्या बांधून आम्ही भिंती वाचवल्या; आलेल्या नोंदण्या मात्र परत कराव्या लागल्या.

पोलीस ठाण्यात गेलो तेव्हा पैसे ऑनलाइन गेले आहेत, सायबरकडे जा, असे सांगण्यात आले. सायबर कक्षाने विचारले, मापे घ्यायला माणूस प्रत्यक्ष आला होता ना, मग हा सायबर गुन्हा कसा? 1930 या सायबर फसवणुकीच्या मदत क्रमांकावर नोंद झाली, पण इतक्या दिवसांनी खात्यात काय उरणार? बँकेने, पैसे तुम्ही स्वतःच्या हाताने पाठवले आहेत, एवढे ऐकवून हात झटकले. पुन्हा ठाण्यात आलो तर प्रकरण दिवाणी स्वरूपाचे ठरले. कुरण नाही, गवत नाही, दुसऱ्या ऋतूतला व्हिडिओ दाखवून पैसे उकळले, तरीही दिवाणी! मग भारतीय न्याय संहितेचे फसवणुकीचे कलम 318 कोणासाठी लिहिले आहे? ठाण्याने गुन्हा नोंदवला नाही तर भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम 173(4) प्रमाणे पोलीस अधीक्षकांना टपालाने तक्रार पाठवता येते, हे मला कोणत्याही गणवेशातल्या माणसाने सांगितले नाही. ओळखीच्या वकिलाने सांगितले. तशी तक्रार मी पाठवली आहे.

ग्राहक आयोगात 5 लाखांपर्यंतच्या मोबदल्याच्या तक्रारीला शुल्क नाही. तिथल्या खिडकीवर "मांगर व्यवसायाचा आहे" म्हणून अडवले, तर पोटापाण्यासाठी स्वतः चालवलेला धंदा कायद्याने ग्राहकाच्या व्याख्येत येतो हे ठामपणे सांगा.

कुरण डोळ्यांनी पाहिल्याशिवाय हप्ता देऊ नका. गवत दिवाळीनंतर, उभे असताना किंवा रचलेले असताना, स्वतः जाऊन भाऱ्यावर घ्या, आणि शाकारणीची मजुरी वेगळी ठेवा. असेच दरपत्रक घेऊन ज्यांनी पैसे दिले असतील, त्यांनी आपापल्या ठाण्यात लेखी तक्रार देऊन पोच घ्यावी, कारण एकच तक्रार असली की ती दिवाणी आणि चार असल्या की फसवणूक, असे मला तोंडी सांगण्यात आले आहे. लेखी द्या म्हटल्यावर साहेब जेवायला गेले.