एमएसचा थकवा आणि कूलिंग जॅकेट : आठ महिन्यांच्या वापरानंतर

पाण्यात भिजवून घालायचं बिनबाह्यांचं कूलिंग जॅकेट मी मार्चमध्ये घेतलं, साधारण तीन हजारांना. आता नोव्हेंबर आहे. सांगलीचा अख्खा उन्हाळा आणि पावसाळा त्याच्यासोबत काढला, म्हणून लिहितेय.

मला सहा वर्षांपासून एमएस, म्हणजे मल्टिपल स्क्लेरोसिस आहे. यात मेंदू आणि मज्जारज्जूतल्या तंतूंवरचं आवरण खराब होतं. चालता-बोलता येतं, त्यामुळे थकवा कुणाला दिसत नाही. दुपारी दोनला रात्रभर जागल्यासारखं होतं, कणीक मळताना हात जड पडतात. उकाड्यात हे फार वाढतं. श्रमांनंतर अशा रुग्णांची नजर तात्पुरती अंधूक होते, हे जर्मन नेत्रतज्ज्ञ विल्हेल्म उट्हॉफ यांनी १८९० मध्येच नोंदवलं होतं. मज्जातंतूंवरचं मायलिनचं आवरण खराब झालेलं असलं, की अंगाची उष्णता अर्धा अंश वाढली तरी संदेश अडतात. अंग गार झालं की पुन्हा सुरळीत होतात. सुरुवातीला हे माहीत नव्हतं, तेव्हा दर उन्हाळ्यात एमएसचा नवा अटॅक आला म्हणून घाबरून रडले आहे.

दहा मिनिटं भिजवायचं, हलकं पिळायचं, बनियनवर घालायचं. एप्रिल-मेच्या कोरड्या हवेत दोन तास छान गारवा राहायचा. पूर्वी चार भाकऱ्या झाल्या की तव्यासमोरून उठावं लागे. मे महिन्यात ओट्याशी उंच स्टूलवर बसून आठ केल्या. सासूबाई आधी म्हणायच्या, "अगं, ओलं अंगावर ठेवू नकोस, छातीत कफ होईल." आता सकाळी त्या स्वतःच जॅकेट बादलीत भिजत टाकतात.

जुलैत मात्र निराशा झाली. हवा दमट, कृष्णेचं पाणी वाढत चाललेलं, आणि जॅकेटमधलं पाणी उडून जाईना. पाणी उडालंच नाही तर गारवा कुठून येणार? नुसतं ओलं ओझं झालं. मिरजेच्या एका ताईंचं बर्फाच्या पॅकचं जॅकेट चार दिवस मागून आणलं. ते दमट हवेतही गार करतं, पण जड आहे. माझे खांदे भरून आले. पावसाळ्यात मी परत पंखा, मानेवर ओला पंचा आणि गार पाण्याचे घोट यांवर आले.

सगळ्यात मोठी चूक एप्रिलमध्ये झाली. बरं वाटतंय म्हणून एका सकाळी सगळे पडदे काढून धुतले, कपाट आवरलं. पुढचे दोन दिवस अंथरुणात गेले, मुलीचा डबासुद्धा सासूबाईंनी केला. तेव्हापासून वहीत लिहिते: काय केलं, किती वेळ, नंतर कसं वाटलं. थकव्याची नऊ प्रश्नांची प्रश्नावली असते, प्रत्येकाला एक ते सात गुण, गुण जास्त तितका थकवा जास्त. ती महिन्यातून एकदा भरते. मार्चमध्ये ५२ होते, मेअखेर ४३, जुलैत ४९. मेमधली घट एकट्या जॅकेटची नाही. पंचवीस मिनिटं काम, मग गजर वाजला की दहा मिनिटं आडवं व्हायचं, दमले नसले तरी, हे मे महिन्यातच सुरू केलं. हे पाळणं जॅकेटपेक्षा अवघड आहे, आणि मला जास्त उपयोगी पडलं.

सकाळी उठल्या उठल्या जो थकवा असतो, त्यावर जॅकेट काही करत नाही. त्यासाठी आधी डॉक्टरांकडून झोप, हिमोग्लोबिन, थायरॉइड, बी१२ आणि मनाची उदासी तपासून घ्या. माझं बी१२ कमी निघालं होतं.

शिवण अजून पक्की आहे. नीट वाळवलं नाही तर कुबट वास येतो, एका बाजूचा वेल्क्रो सैल झालाय. दिवाळीत धुऊन कपाटात ठेवलंय, फेब्रुवारीअखेर बाहेर काढीन.