एकही हार नाही, की शंभर गुण?

इंग्लंडच्या प्रीमियर लीग फुटबॉलमध्ये कुठला हंगाम मोठा? आर्सेनलचा २००३-०४ चा हंगाम: ३८ सामने, २६ विजय, १२ बरोबरी, पराभव शून्य. मँचेस्टर सिटीचा २०१७-१८ चा: ३२ विजय, ४ बरोबरी, २ पराभव, १०६ गोल आणि पूर्ण १०० गुण. आर्सेनलचे गुण ९०, गोल ७३.

आकडे सिटीकडे झुकतात, तरी माझं मन आर्सेनलकडेच जातं. सप्टेंबरात मँचेस्टर युनायटेडच्या ओल्ड ट्रॅफर्ड मैदानावर ०-० असताना अगदी शेवटी युनायटेडच्या व्हॅन निस्टलरॉयची पेनल्टी आडव्या खांबावर आदळली. बोटभर खाली असती, तर अपराजित हंगाम तिथेच संपला असता! सिटी मात्र युनायटेडविरुद्ध घरच्या मैदानावर २-० ने पुढे असूनही २-३ ने हरली.

बचावात दोघं जवळपास सारखे: आर्सेनलवर २६ गोल, सिटीवर २७.