डरनेस ते थर्सो: कॅम्परव्हॅन की लहान गाडी?

स्कॉटलंडच्या उत्तर किनाऱ्यावर डरनेस ते थर्सो हे अंतर सुमारे १२० किलोमीटर. न थांबता गेलात तर दोन-अडीच तासांत संपतं, पण नुसतं संपवायचंच असेल तर इतक्या लांब जाऊच नये. मी हा पट्टा दोन्ही तऱ्हांनी केलाय: एकदा लहान गाडी आणि मुक्कामाला खोली, एकदा कॅम्परव्हॅन, म्हणजे आतच झोपायची आणि चहा-स्वयंपाकाची सोय असलेली व्हॅन.

रस्त्यापुरतं बोलायचं तर लहान गाडी सरस. लॉख एरिबोल या खाडीला वळसा घालणारा रस्ता बराचसा एकपदरी आहे. समोरून कोणी आलं की 'पासिंग प्लेस', म्हणजे रस्ता रुंद करून ठेवलेली जागा, गाठायची. ती डावीकडे असेल तर आत शिरायचं. उजवीकडे असेल तर तिच्यासमोर आपल्याच बाजूला थांबायचं, समोरचा आत वळतो. मागून येणाऱ्यालाही तिथेच पुढे जाऊ द्यायचं, कारण इथली माणसं रोज याच रस्त्याने कामाला जातात. गाडीत हे सहज जमतं. व्हॅन मागे घेताना मात्र आरशात नुसतं गवत दिसत होतं आणि चाक कडेच्या चिखलात कधी उतरेल याचा भरवसा नव्हता. व्हॅन घ्यायचीच तर आखूड घ्या.

पण या किनाऱ्यावर दिवसाचा बेत पाऊस ठरवतो, आणि तिथे व्हॅनला तोड नाही. पहिल्या खेपेला डरनेसला सकाळी धो धो पाऊस होता. खोली सोडायची वेळ झाली, आम्ही निघालो आणि तिथल्या सँगो किनाऱ्याची वाळू न पाहताच पुढे गेलो. व्हॅन घेऊन गेलो तेव्हाही पाऊसच होता. सरकतं दार वीतभर उघडं ठेवलं, गॅसवर चहा टाकला आणि बसून राहिलो. तासाभराने ढग वर सरकले, खाली पांढरी वाळू आणि हिरवं पाणी. डरनेसच्याच स्मू गुहेतला धबधबाही पावसानंतरच जोरात असतो. जूनमध्ये उजेड सुमारे १८ तास असतो, त्यामुळे सकाळ थांबण्यात गेली तरी दिवस वाया जात नाही.

व्हॅन कुठेही लावून झोपता येतं, असं मात्र समजू नका. २००३ च्या कायद्याने स्कॉटलंडमध्ये मोकळ्या जमिनीवर फिरण्याचा, तंबू टाकण्याचा जो हक्क मिळतो, तो मोटारगाड्यांना लागू नाही. पासिंग प्लेसमध्ये तर मुक्काम नकोच. कॅम्पसाइट घ्या, टॉयलेटची टाकीही तिथल्या ठरलेल्या जागीच रिकामी करता येते.

व्हॅन स्वस्त पडेल म्हणूनही घेऊ नका. भाडं, डिझेल आणि कॅम्पसाइट एकत्र धरून मग खोलीशी तुलना करा.

सोबत वयस्कर माणसं असतील किंवा ऑक्टोबरात जाणार असाल तर मी गाडीच सांगेन. दोघंच असाल, जून असेल आणि पुढची घाई नसेल तर व्हॅन, डोळे मिटून. गाडी ठरली तर मुक्काम थर्सोऐवजी वाटेतल्या टंग किंवा बेटिहिल गावी करा, म्हणजे जूनमध्ये जवळच्या टॉरिसडेलच्या किनाऱ्यावर रात्री नऊच्या उन्हात चालायला मिळेल. या गावांत खोल्या मोजक्याच आहेत, आधी बुक करा.